शिक्क्याचा कागद

गुणवंताला बाराच्या पुढं मोजता येत नव्हतं. तेरावर आलं की आकडे वाट चुकायचे. पण त्यानं बांधलेली मेथीची जुडी आजवर मंडीतून कुणी परत पाठवली नव्हती. पहिली मूठ धरली की ओठांत 'राम', दुसरी घेतली की 'कृष्ण', तिसरी आली की 'हरी'. मग तिन्ही मुठींची मुळं तळहातावर ठोकून सारखी करायची, भिजवलेली भाताची काडी दोनदा फिरवायची, पीळ द्यायचा, शेपूट आत खोचायचं. झाली जुडी. पुन्हा राम.

त्या दिवशी डिसेंबरचं धुकं असं बसलं होतं, की वाफ्याच्या या टोकाचं माणूस त्या टोकाला दिसत नव्हतं. दिल्लीच्या कडेला, नजफगढच्या पलीकडं, नाल्याच्या अंगाला चौधरींचं रान. नाल्याचा वास धुक्याबरोबर जमिनीला धरून राहायचा. सखुबाईला लेक दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. त्या आवाजाच्या मागं मागं ती मेथी उपटत चालली होती. दवानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, हे कळत नव्हतं.

दहा-बारा मुठी झाल्या की तिला थांबावं लागे. छातीत डाव्या अंगाला काहीतरी जुन्या बिजागरीसारखं करकरायचं आणि श्वास अर्ध्यातच अडायचा. लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिवाळीआधीच सांगितलं होतं, "अम्मा, वाल्व खराब है. ऑपरेशन आपका शरीर नहीं झेलेगा. भारी काम बंद." सखुबाई "जी" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी हौदात मुळ्यांचा कमरेइतका ढीग धूत उभी राहिली.

तिचा नवरा संपतराव पलटणीत नाईक होता. शेवटची बदली दिल्ली छावणीत झाली. गुणवंताला लहानपणापासून फेफरं यायचं, समजही कमी. दवाखाना जवळ हवा म्हणून रिटायर झाल्यावर तिघंही इथंच राहिली. गावाकडून, साताऱ्याहून, भावांचं पत्र आलं होतं : गुणवंताला इकडं आणू नका, घरात पोरींची लग्नं व्हायचीत. संपतरावानं पत्र वाचलं, घडी घातली आणि नंतर कधी गावचं नाव काढलं नाही. चौधरींच्या रानावर तो राखणदार झाला, ट्यूबवेलजवळची खोली मिळाली. सहा वर्षांपूर्वी तो गेला. आता खोलीत भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो आणि फौजेतून सुटल्याचा कागद, दोन्ही काचेत. गुणवंत रोज सकाळी आधी आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा, मग फोटोपुढं टाचा जुळवून सलाम ठोकायचा, मग मेथीला जायचा. छत्तीस वर्षांचा बाप्या गडी, पण ह्या तीन गोष्टींचा क्रम कधी चुकला नाही.

धुक्यातून स्कूटरचा आवाज आला. सूर्यकांत भाऊजी. संपतरावाच्याच पलटणीत हेडक्लार्क होते. आता छावणीच्या बाजूला घर करून राहिले होते आणि विधवांची कागदपत्रं करून द्यायची, हाच त्यांचा परमार्थ होता.

"वहिनी, मेडिकल बोर्डाची तारीख लागली," बांधावरूनच ते ओरडले. "बरोबर तीन आठवड्यांनी, मंगळवारी."

सखुबाईनं हात पदराला पुसले. "मंजी पेन्शनीचं?"

"हां. तुम्हाला मिळते, ती तुमच्यामागं गुणवंताला जन्मभर चालू राहील. पण बोर्डानं लिहून द्यायला पाहिजे, की हा मुलगा कमवू शकत नाही."

"कमवतोय कुठं, भाऊजी? चौधरी मला दीड माणसाची मजुरी देत्यात. त्यातला अर्धा माणूस त्यो."

"तेवढंसुद्धा बोलायचं नाही!" सूर्यकांत भाऊजींनी आवाज खाली आणला. "मागच्या साली एका सुभेदाराच्या मुलानं बोर्डासमोर ऐटीत सांगितलं, मी दुकानात पुड्या बांधतो. झालं. केस रिजेक्ट. आई गेली, आणि तो मुलगा आता कुठंय, ते कुणाला ठाऊक नाही."

धुक्यात 'हरी' झालं आणि जुडी जुडीवर पडल्याचा ओला आवाज आला.

"त्याला गप बसायला शिकवा, वहिनी," भाऊजी स्कूटरला किक मारत म्हणाले. "हात दिसता कामा नयेत. हात बोलतात."

*

शिकवणं सोपं नव्हतं. गुणवंताला कुठलीही गोष्ट तोंडी सांगून लक्षात राहायची नाही. फेफऱ्याच्या गोळ्यांचंच बघा. लहानपणी तो गोळी थुंकायचा, आई मारून दमली. मग एक दिवस संपतरावानं दवाखान्याचा कागद त्याच्यापुढं धरला. "हे बघ. खाली शिक्का हाय. शिक्क्यात शिंव्ह हायत. तोंडानं सांगतात त्यो सल्ला, आन शिंव्हाच्या शिक्क्यानं येतो त्यो हुकूम. हुकूम मोडायचा न्हाई." त्या दिवसापासून गोळी चुकली नाही. बाप गेला त्या दिवशीसुद्धा, प्रेत अंगणात असताना, आठ वाजता गुणवंतानं आपली गोळी घेतली होती.

दुसरी वाट टाळांची. जे तालावर बसे, ते त्याच्या अंगात मुरे. छावणीतल्या देवळात एकादशीला जवान लोक भजनाला बसत, तिथं गुणवंत टाळकरी. नव्या नव्या पोरांचा ताल धावायचा, त्याचा कधी धावला नाही. पखवाजवाला अवघड जागी आला की गुणवंताच्या हाताकडं बघायचा.

सखुबाईनं खुंटीवरचे टाळ काढले. मागच्या सप्ताहात कीर्तनाला उभे राहिलेले बुवा म्हणाले होते, देव माणसाला रिकाम्या हातानं धाडत नाही, एकेक काम मुठीत बांधून देतो. मूठ उघडून काम कर, तीच त्याची पूजा. ते ऐकताना तिनं लेकाच्या मुठींकडं बघितलं होतं आणि डोळे पुसले होते. आता त्याच मुठी तिला मिटायच्या होत्या.

"म्हण," ती टाळ वाजवत म्हणाली. "मला काही येत न्हाई."

गुणवंत हसला. "मला मेथी येते."

"न्हाई येत. म्हण. मला काही येत न्हाई."

"टाळ येतो."

तिनं टाळ खाली ठेवले आणि त्याच्या पायाशी बसली. त्याला खरं काही सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि खोटं सांगायला तिला शब्द सापडत नव्हते. पुन्हा तिनं टाळ उचलले. चार दिवसांनी ते वाक्य तालावर बसलं. मला काही, येत नाही. मला काही, येत नाही. हिंदीतही बसवलं. गुणवंत ते गोड गळ्यानं म्हणायचा, मान डोलवत.

*

कुमुदताईंची ओळख त्या भजनातलीच. मंत्रालयातली नोकरी करून रिटायर झालेल्या, पाठीला ताठ बाई. त्यांचा धाकटा भाऊ शशिकांत गुणवंतासारखाच, वय पन्नास. त्याच्यासाठी म्हणून त्यांनी अशा मोठ्या झालेल्या मुलांची एक सभा चालवली होती. महिन्यातून एका रविवारी, पहाडगंजात भाड्यानं घेतलेल्या खोलीत. तिथं एकच कडक नियम होता : घरच्यांनी मागच्या बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मुलांनी.

बोर्डाच्या आधीच्या रविवारी सखुबाई गुणवंताला घेऊन गेली. दोन बसा बदलल्या, स्टेशनापासून हमालांच्या गाड्यांतून वाट काढत चालत गेली. जिन्यावर दोनदा बसली.

शशिकांत टेबलापाशी घंटी घेऊन बसला होता. अध्यक्ष तोच. "नेक्स्ट. गुणवंत. तू काय करतो?"

"त्यो माझ्यासंगं रानात—" सखुबाई मागून म्हणाली.

टिंग! शशिकांतनं घंटी हाणली. "मावशी, तुमचा नंबर नाही. त्याचा नंबर."

सगळी हसली. सखुबाईनं पदर तोंडाला लावला. गुणवंत उभा राहिला. आधी त्यानं आईकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं. "मी मेथी बांधतो," तो म्हणाला. "राम, कृष्ण, हरी. एक जुडी. मग टेम्पो येतो."

"रोज?"

"रोज. आईला पाणी देतो. मग सलाम. मग मेथी."

"बिल्कुल बढिया!" शशिकांत म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुणवंत इतका लाजला की खाली बसताना खुर्ची चुकला.

सभा सुटल्यावर कुमुदताईंनी चहाचा ग्लास सखुबाईच्या हातात दिला. बोर्डाचं त्यांना ठाऊक होतं.

"सखुबाई, खरं सांगा ना तिथं. तो मेथी बांधतो, हे खरं. आणि एकटा बसनं जाऊ शकत नाही, फेफरं आलं तर सांभाळायला माणूस लागतं, पैशाचा व्यवहार कळत नाही, एकट्यानं पोट भरू शकत नाही, हेही खरं. दोन्ही सांगू. मी बरोबर येते. त्याला बोलू द्या, अडला तर मी सांगेन."

"दोन्ही लिवत्यात का त्या कागदात?"

"लिहायला पाहिजे."

"पायजे न्हवं, ताई. लिवत्यात का?"

"नक्की नाही सांगू शकत."

सखुबाईनं ग्लास बाकावर ठेवला. "तुमच्या शशिकांतला तुमच्यामागं भाचे हायत. घर हाय. ह्याला कोण हाय? माझ्या छातीत काय चाललंय, ते मला म्हाईत. ही थंडी निघंल, का न्हाई निघणार. मी त्याला नुस्ता 'नक्की न्हाई'वर सोडून जाऊ?"

कुमुदताई तो ग्लास उचलत इतकंच म्हणाल्या, "त्याला विचारलंत का एकदा?"

"त्याला काय इचारायचं," सखुबाई उठत म्हणाली.

खोलीच्या दारात गुणवंत शशिकांतची घंटी वाजवून बघत होता. टिंग. टिंग. अगदी तालात.

*

बोर्ड एका सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर बसायचं. सखुबाईनं पहाटेच गुणवंताला ट्यूबवेलच्या कोमट पाण्यानं अंघोळ घातली. नखांतला हिरवा रंग विटकरीनं घासला, पण मेथीचा रंग जातो कुठं! मग त्याला संपतरावाचा जुना स्वेटर घातला, हात झाकतील असा, लांब बाह्यांचा.

"हात चालवायचे न्हाईत. कायबी इचारलं तरी काय म्हणायचं?"

"मला काही येत नाही," गुणवंत गायला.

"गाऊ नगंस. नुस्तं म्हण."

सूर्यकांत भाऊजी फाइल घेऊन आले होते. कुमुदताईही आल्या, आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. आत येऊ का, असं त्यांनी विचारलं. सखुबाईनं मान हलवली.

आत तीन डॉक्टर, पायांशी हीटर. टेबलावर अर्जांचा ढीग विस्कटून पडला होता, शेजारी फायली बांधायची पांढरी नाडी. मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "नाम?"

गुणवंतानं नाव सांगितलं.

"ये कितनी उँगलियाँ हैं?"

"मुझे कुछ नहीं आता."

"आज कौन सा दिन है?"

"मुझे कुछ नहीं आता."

मोठे डॉक्टर लिहीत राहिले. गुणवंताची नजर टेबलावर गेली. अर्ज एकमेकांवर तिरके पडले होते. त्यांचे कोपरे जुळत नव्हते. सखुबाईला लेकाच्या गळ्यातली घाटी हललेली दिसली. ओठ मिटले, उघडले. 'रा—' स्वेटरच्या बाहीतून हिरव्या नखांची बोटं बाहेर आली आणि अर्जांची पहिली चळत उचलून टेबलावर ठोकायला निघाली.

तिनं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. जोरात. टाच रुतवून.

बोटं थांबली. गुणवंतानं आईकडं पाहिलं. दुखलं, म्हणून नव्हे. काय चुकलं, ते कळेना, म्हणून. मग हात हळूहळू खाली गेले आणि लोंबत राहिले.

"घर में कोई काम करता है?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"जी नहीं, साब," सखुबाई म्हणाली. "पानी भी मेरे को ही देना पड़ता है."

गुणवंत अजून तिच्याकडंच बघत होता.

कडेला बसलेली तरुण डॉक्टरीण पुढं वाकली. "अम्मा, इसके हाथ इतने फटे हुए क्यों हैं?"

"मिट्टी में खेलता है, मैडम. बच्चा है."

डॉक्टरीणबाईंना आणखी काही विचारायचं होतं, पण मोठ्यांनी पान उलटलं आणि शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

चार वाजता खिडकीतून कागद मिळाला. सूर्यकांत भाऊजींनी तो दोनदा वाचला आणि सखुबाईच्या पायांना हातच लावला. "जिंकलात, वहिनी! संपतराव आज सुखानं झोपला असंल." त्यांनी गुणवंताच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास रे वाघा!" आणि कोपऱ्यावरून गरम जिलबी आणली. सखुबाईनं लेकाला जवळ घेऊन त्याच्या केसांवरून हात फिरवला, त्याच्या तोंडात जिलबी घातली. इतकं कौतुक त्याचं एका दिवसात कधी झालं नव्हतं. चिकट ओठांनी तो हसत होता. गोळ्यांच्या कागदानंतर पहिल्यांदाच त्याच्या नावाचा, सिंहांच्या शिक्क्याचा कागद निघाला होता. तो त्यानं मागून घेतला आणि बाकावर कुमुदताईंपुढं धरला.

"काय लिहिलंय?"

सखुबाईनं मागून हातानं नको नको केलं. कुमुदताईंनी ते पाहिलं. पण महिन्यामागून महिने त्या मुलांना त्यांनी एकच शिकवलं होतं : तुमच्याबद्दलचा कागद तुम्हाला वाचून दाखवा, असं सांगायचा तुमचा हक्क आहे. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

"यात लिहिलंय," त्या सावकाश म्हणाल्या, "की गुणवंत स्वतःचं पोट भरण्यासाठी काम करू शकत नाही. त्याला दुसऱ्यानं सांभाळायला लागतं."

"डॉक्टरांनी लिहिलंय?"

"हो."

गुणवंतानं शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग कागदाची चार पदरी घडी केली, कडा अगदी जुळवून, आणि छातीवरच्या खिशात ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी सखुबाईला जाग आली, तेव्हा उशाशी तांब्या नव्हता.

गुणवंत भिंतीला टेकून बसला होता, हात मांड्यांवर पालथे. ती उठली, स्वतः पाणी प्याली. "काय रं? बरं न्हाई का?"

"पाणी," तो म्हणाला.

तिनं त्याला पाणी दिलं. तो प्याला. फोटोपुढं सलाम झाला, तो तेवढा चुकला नाही. मग ती निघाली, तसा तो मागं मागं आला आणि बांधावर उभा राहिला. मेथीचा वाफा समोर, भिजवलेल्या काड्या टोपलीत.

"चल, बस खाली. टेम्पो येईल."

"मला काही येत नाही."

"ते संपलं आता, राजा. ते डॉक्टरापुरतं हुतं. चल."

गुणवंतानं खिशावर हात ठेवला. "कागदात लिहिलंय."

तिनं समजावलं, रागावली, गळ्याची शपथ घातली. मेथीची मूठ त्याच्या हातात कोंबली. बोटांनी ती धरलीच नाही. मेथी चिखलात पडली, आणि तो तशाच लोंबत्या हातांनी उभा राहिला. चौधरी काठी टेकत आले, पागोट्यावर दव.

"के होग्या रै गुणवंत? बीमार सै के?"

"काम नहीं करना," गुणवंत नम्रपणे म्हणाला. "हुकुम है."

चौधरी हसले. तीन दिवसांनी हसले नाहीत. सखुबाई एकटीनं बांधलेल्या जुड्या मंडीतून परत आल्या. कुठं मूठ कमी, कुठं पीळ सुटलेला. चौधरी वाईट माणूस नव्हते, पण रानाला दया कळत नाही. "ताई," ते म्हणाले, "कमरा तो थारा सै, कोई ना काढता. पर मेथी खातर मैं बिहार आळा जोड़ा ले आया. बुरा मत मानियो." खोली राहिली; मेथीचे टोकाचे चार वाफे तेवढे त्यांनी सखुबाईकडं ठेवले.

एकादशीला ती त्याला छावणीतल्या देवळात घेऊन गेली. एका जवानानं टाळ पुढं केले. गुणवंतानं हात मांड्यांवर पालथे ठेवले. पखवाजवाला अवघड जागी आला, सवयीनं त्यानं मान वळवली, आणि त्याचा ठेका कोसळला. सखुबाई देवाकडं बघू शकली नाही. ती नुसती समईकडं बघत बसली.

*

कुमुदताई आल्या, तेव्हा ती ट्यूबवेलपाशी बसून होती. पाय सुजले होते.

"मी वाचायला नको होतं," कुमुदताई म्हणाल्या.

"तुम्ही लिवलेलं हुतं तेच वाचलंत. खोटं तर मी लिवून घेतलं." सखुबाईनं वर पाहिलं. "ताई, दुसरा कागद करा. त्याला काय येतं, त्याचा."

"मी त्याच दवाखान्यात गेले होते. ही मुलं काय काय करू शकतात, तेही लिहून द्या, म्हटलं." कुमुदताईंनी चष्मा काढून पुसला. "तिथला क्लार्क म्हणाला, मैडम, उसका कोई फॉर्म नहीं है."

तरी त्यांनी कागद आणला होता, त्यांच्या संस्थेच्या नावाचा. "मी त्याच्याशी बोलते. तुम्ही बाहेर थांबा."

सखुबाई दाराबाहेर भिंतीला पाठ लावून बसली. घंटी नव्हती, तरी या खेपेला ती मधे बोलली नाही. आतून कुमुदताईंचा आवाज येत होता.

"गुणवंत, तू काय काय करतोस? मी लिहिते."

आत खिशातला कागद कुरकुरला.

"मेथी कोण बांधतं?"

"बांधायचो."

"आता बांधावीशी वाटते?"

ट्यूबवेलचं पाणी हौदात पडत होतं.

"वाटते," गुणवंत म्हणाला. मग थांबून, "आईनं पाय दिला."

भिंतीबाहेर सखुबाईनं तोंडात पदर कोंबला.

कागद झाला. मेथी, टाळ, तांब्या, सलाम, सगळं त्याच्याच शब्दांत. खाली कुमुदताईंची सही आणि संस्थेचा जांभळा गोल शिक्का. त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्याच्या हातात दिला. गुणवंतानं खिशातला कागद काढला. दोन्ही गुडघ्यांवर शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या. एका शिक्क्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"ह्यात सिंह नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत रे," कुमुदताई म्हणाल्या. "पण खरं आहे ते."

गुणवंतानं त्यांच्याकडं आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईकडं पाहिलं. त्यांचं काहीतरी चुकतंय आणि त्यांना सांगणारं कुणी नाही, अशा दयेनं. त्यानं नवा कागद फेकला नाही. त्याची घडी केली आणि दुसऱ्या खिशात ठेवली. सिंहांच्या शिक्क्याचा कागद छातीवर परत गेला.

*

पुढं धुकं आणखी दाट झालं. थंडी निघायची लक्षणं नव्हती. सखुबाई सकाळी स्वतः उठून दोघांचं पाणी भरायची, आणि गुणवंत फोटोला सलाम करून तिच्यामागं बांधावर येऊन उभा राहायचा.

त्या दिवशी पलीकडच्या वाफ्यांत बिहारी नवराबायको भराभर उपटत होती. धुक्यात त्यांचं भोजपुरी बोलणं तेवढं ऐकू यायचं. सखुबाई टोकाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसली. आता उभं राहून वाकणं तिला जमत नव्हतं. तिनं पहिली मूठ धरली.

"राम."

मुळांची माती झटकली. दुसरी मूठ.

"कृष्ण."

आणि श्वास तिथंच अडला. छातीतली बिजागरी अर्ध्यात धरून बसली. तिसरी मूठ हातात होती, पण तोंडातून शब्द निघेना. ती तशीच, चिखलात एक हात टेकून, थांबली. डोळ्यांपुढचं पांढरं धुकं आहे की आणखी काही, हे तिला कळत नव्हतं.

"हरी," मागून आवाज आला.

स्पष्ट, तालात, जिथं यायला हवा तिथंच.

तिनं वळून पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. हात खिशांवर असतील, तिला माहीत होतं. थोड्या वेळानं श्वास आपसूक सुटला. तिनं तिन्ही मुठी जुळवल्या, काडी फिरवली, पीळ दिला, आणि जुडी शेजारी न ठेवता मागं, त्याच्या पायांच्या दिशेनं ठेवली.

मग पुढची मूठ धरली, राम म्हटलं, कृष्ण म्हटलं, आणि मुद्दाम थांबली.